ढवळ्याशेजारी बांधलेला चेनसॉ

मी चेनसॉ बोलतोय. पेट्रोलवर चालणारं, लाकूड कापायचं यंत्र. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण सोनपेठ तालुक्यातल्या ज्या गावात मी राहतो, तिथं मला बैल समजतात. माझ्या मुठीला दावं आहे, अंगावर झूल आहे आणि माझं नाव पवळ्या आहे. हसा, माझी ना नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. जाग आली ती सेलूच्या एका दुकानात, फवारणीपंपांच्या रांगेत. दुकानदार सिताराम भला माणूस. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारायचा, "कापायचं काय?" बाभळीला सोळा इंची पातं पुरतं, उगाच मोठं घेऊ नका, हात भरून येतात, असं समजावून सांगायचा. म्हणून त्याची मोठी मशीनं कधी खपत नसत.

एके दिवशी लिंबाजी आला. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. गावोगाव ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडला, म्हणून आता बाभळी तोडायची कामं घ्यावीत असं त्याच्या मनात होतं. सिताराम माहिती सांगत राहिला आणि लिंबाजी आमच्यासमोर उकिडवा बसून एकेकाचे दात बघत राहिला. माझ्या पाठीवर थाप मारली. मला उचलून चार पावलं चालवून बघितलं, म्हणजे चालला तोच.

"खांदा भक्कम हाय. दात बी जुळलेत," तो म्हणाला. "मारका हाय का?"

"मामा, मशीन हाय हे."

"ते कळलं. मारका हाय का तेवढं सांगा."

मग त्याने सितारामच्या हातावर टॉवेल टाकला आणि बाजारातल्या रीतीप्रमाणे गुपचूप भाव ठरवायला खालून बोटं दाबायला सुरुवात केली. सितारामने मोकळ्या हाताने माझ्या अंगावरचं छापील किमतीचं लेबल दाखवलं.

निघताना सितारामने नीट समजावलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, म्हणजे इंजिनाचं तेल, मापानं मिसळायचं. चेनचं तेल वेगळ्या टाकीत. काम झालं की हवेचा फिल्टर झटकायचा, कानशीनं धार लावायची. चेन काढलीच तर बसवताना बाण बघायचा, दातांचं तोंड बाणाच्या दिशेला. लिंबाजी मान डोलवत होता. मान डोलावणारा माणूस ऐकत असतोच असं नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला गोठ्यात नेलं. तिथं ढवळ्या होता, म्हातारा पांढरा बैल. त्याच्या शेजारची दावण रिकामी होती. तिथं पूर्वी पवळ्या असे, त्याचा जोडीदार. लिंबाजीने आयुष्यभर लोकांच्या जोड्या फोडून विकल्या, आणि दोन वर्षांपूर्वी चांगलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून घरचीही फोडली. तेव्हापासून ढवळ्या अर्धा चारा गव्हाणीत ठेवायचा. शेजाऱ्यासाठी.

लिंबाजीने मला त्या रिकाम्या जागी बांधलं. माझा रंग तांबडा. "पवळ्या," तो म्हणाला, आणि ढवळ्याकडे न बघता माझ्या दाव्याची गाठ दोनदा आवळली. तेवढ्यावरून मला कळलं की या माणसाला कसली तरी फार लाज वाटते आहे. मी बैल नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण पेट्रोल घातल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा खरारा केला. पान्याने झाकण उघडलं, चेन काढली, सोड्याच्या पाण्यात धुतली, करडईचं तेल लावलं. इथवर ठीक होतं. पण बसवताना त्याने दातांकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "दात भायेर काढलेलं जनावर चावतंय," असं म्हणून त्याने चेन उलटी केली. सगळे दात आत, मालकाकडे तोंड करून. आता मी गुणी झालो होतो, आणि कुचकामी.

पहिलं काम घरचंच होतं. लिंबाजीची थोरली बहीण बायनाबाई शेजारी पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. तिचं घर आणि आमचा गोठा यांच्या मध्ये एक वाळलेली बाभूळ होती. बुडाला वाळवी लागलेली, घराकडे कललेली. तोडायची परवानगी आली होती. पाऊस जोरात यायच्या आत ती पाडायची, असं लिंबाजीने बहिणीला कबूल केलं होतं.

त्याने मला सुरू केलं. मी जीव तोडून ओरडलो. बाभळीला टेकलो आणि नुसता घासत राहिलो. धूर निघाला, बुंध्यावर काळा पट्टा उठला, भुसा चिमूटभरही पडला नाही.

"नवं जनावर हाय, बुजायलंय," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाव जमलं. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं पोटात वात धरलाय, म्हणून समोर ओवा ठेवला. कुणी म्हणालं ढवळ्याचा आळस याला चिकटला. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," असं अख्खं गाव ढवळ्यासमोर म्हणालं. त्याला वाईट वाटलं असणार. मला तर फारच वाटलं. माझ्या अंगावर बाण कोरलेला होता, दिवसाढवळ्या दिसत होता, आणि बघणारे सगळे माझ्या डोळ्यांत बघत होते, जे मला नाहीतच.

आषाढ गेला, श्रावण सरत आला. एका वाऱ्यात फांदी पडून अक्काच्या घराचा एक पत्रा फाटला. तिने बाज उचलून दुसऱ्या खोलीत नेली. "लिंबा, तुज्या बैलाला सांग, म्हातारी लय दिवस न्हाई थांबायची," एवढंच ती म्हणाली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण झाली. ढवळ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, आणि मलाही. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," लिंबाजी माझ्या कानात म्हणाला. माझा कान म्हणजे हवेचा फिल्टर. उरलेलं लोणी त्याने तिथंच पुसलं.

पोळ्याच्या सकाळी बाभूळ कडाडली आणि वीतभर घराकडे सरकली. अक्का आत पुरण शिजवत होती. ती दारात आली, वर बघितलं आणि पुन्हा आत गेली. "भायेर ये," म्हणून लोक ओरडले. "आन् जाऊ कुठं? सगळं हितंच हाय माजं," ती आतून म्हणाली.

त्याच वेळी संघप्रिया सणाला गावी आलेली होती. सोनपेठच्या रस्त्यावर तिचं शेतीयंत्रं दुरुस्तीचं दुकान आहे. तिने मला बैलांच्या रांगेत, गोंडे लावून बसलेलं बघितलं. झाकण उघडलं.

"मामा, फिल्टरमधी लोणी हाय."

"खांदेमळण केली काल."

"आन् चेन उलटी हाय."

लिंबाजीचा चेहरा उतरला. "चाळीस वर्सं दात बघण्यात गेली माजी. तू मला दात शिकवायलीस, पोरी?"

"दात लाकडाकडं पाहिजेत, मामा. तुमी मालकाकडं केलेत."

"तोंड भायेर असलं की चावतंय ते."

"चावायलाच आणलंय की त्याला!"

तेवढ्यात अक्का पळी हातात घेऊनच बाहेर आली. "लिंबा, झाड माज्या उरावर पडल्यावर त्याचे बी दात मोजशील का?"

लिंबाजीने कमरेचा पाना काढला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि सगळ्या गावादेखत स्वतःच्या हाताने चेन सरळ केली. संघप्रियाने पेट्रोलने फिल्टर धुऊन वाळवला, दातांवर कानस फिरवली, चेनचा ताण बघितला. इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मग नवीन पेच. "आज पोळा हाय," लिंबाजी म्हणाला. "बैलाला आज जुंपत न्हाईत." आणि दोन महिने ज्या गावाचं माझ्या आजारावर एकमत झालं नव्हतं, त्या अख्ख्या गावाने माना डोलावल्या. पवळ्याला आज सुट्टी.

"जुंपतंय कोण?" अक्का म्हणाली. "मिरवणूक तर निघणार का न्हाई? ढवळ्या मारुतीला जाईल. त्याच्या मागं दोर असला तर असला. आन् पवळ्या झाडाला भेटायला जाईल. सणासुदीला भेटत न्हाईत का?"

आता एकच अडचण उरली. घराच्या उलट्या बाजूला ओढायची तर बाभूळ गोठ्यावर पडणार होती. दुसरीकडे विजेच्या तारा आणि विहीर.

"घर का गोठा, मामा?" संघप्रियाने विचारलं.

"जनावरं भायेरच हायेत," लिंबाजी म्हणाला. "पाड."

बाभळीच्या शेंड्याला लांबलचक दोर बांधला. दुसरं टोक पार गोठ्यापलीकडे, मारुतीच्या वाटेवर, ढवळ्याच्या छातीवरच्या पट्ट्याला, आणि मागे सगळी मिरवणूक दोर धरून. संघप्रियाने हेल्मेट आणि गॉगल चढवला. हलगी वाजू लागली. आधी गोठ्याच्या अंगाला खाच घेतली, मग मागून मी आत शिरलो. भुसा उडाला, पिवळा, भरघोस. मी रडलो असतो. तिने फटीत पाचर ठोकली, ढवळ्या झूल हलवत मारुतीकडे निघाला, आणि बाभूळ आधी विचार केल्यासारखी थांबून, हळूच फिरून गोठ्यावर आडवी झाली. दावण, गव्हाण, पत्रे, सगळं सपाट.

हलगी थांबली. लिंबाजी धुळीत शिरला. ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवला, मग माझ्या. मी अजून गरम होतो.

"दोगं बी हायेत," तो म्हणाला, आणि ढवळ्याच्या छातीवरचा दोर सोडला.

अक्काचं पुरण मात्र बुडाला लागलं.

आता आम्ही अक्काच्या ओसरीत राहतो. ढवळ्या खुंट्याला, मी खिळ्याला. लिंबाजी रोज फिल्टर झटकतो, तेल मापून मिसळतो आणि चेन बसवताना बाणावर बोट ठेवून मोठ्याने म्हणतो, "हिकडं." परवा पूर्ण्याहून पंडित नावाचा ठेकेदार आला होता. माझं काम बघून त्याने टॉवेल काढला आणि लिंबाजीच्या हातावर टाकला. लिंबाजीने खालून बोट न हलवता हात बाहेर काढला.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "जोडी हाय."

तेव्हा ढवळ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्यासमोर अर्धा चारा शिल्लक होता. त्याने तो शांतपणे खाऊन टाकला.

म्हणून मी बैल नाही असं आता गावात कुणाला सांगायला जात नाही. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचा बाण बघा, फिल्टर झटका, धार लावा. आणि पुन्हा पोळा जवळ आलाय, कुणी लिंबाजीला भेटलात तर एवढं सांगा: आवतन दिलंस तर येईन, पण लोणी ढवळ्यालाच लाव.