बुचाची कोंबडी

दोनाताच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीला एका लाकडी कोंबडीचं बूच होतं. कोंबडी मुठीएवढी होती. तिची चोच झिजलेली आणि बुडाला मेणाचा काळा, कडक थर. आजी ब्रिजिदाची तेवढीच वस्तू घरात उरली होती.

गावची सामायिक भट्टी कित्येक वर्षांनी संत जोसेफच्या सणाला पेटणार होती. पूर्वी प्रत्येक घराचा लाकडी ठसा असे. कच्च्या पावावर तो उमटवला, की भट्टीतून आपला पाव ओळखून काढता येई. आणि भट्टी नव्याने लिंपली, की ओल्या मातीतही प्रत्येक घराने आपला ठसा दाबायचा, अशी रीत होती. ज्यांचे ठसे भिंतीवर, त्यांचेच पाव पहिल्या खेपेत जाणार, असं ठरलं. सणाच्या सकाळी बायका कच्च्या पावांच्या टोपल्या घेऊन भट्टी साफ करायला जमल्या.

"तू आपली दुसऱ्या खेपेला ये गं," शेजारीण फिलिचा म्हणाली. "तुझी आजी दारोदार तुकडे मागायची. तिला कुठलं पीठ आणि कुठला ठसा?"

बायका हसल्या. दोनाता हे लहानपणापासून ऐकत आली होती. तिने खाली मान घालून भट्टीची काजळी घासायला घेतली.

घासता घासता भिंतीवर एक कोंबडी दिसू लागली. तिच्या चोचीत गव्हाची ओंबी होती.

"ही कुणाची?" भट्टीवाले विताले काका पुटपुटले. "या घरातलं कुणी उरलं नाही वाटतं."

दोनाताचा हात थांबला. ती तशीच घरी धावली. बूच काढून गरम पाण्यात बुडवलं आणि सुरीने मेण खरवडलं. मेणाखाली बुडावर आणखी एक कोंबडी कोरलेली होती. चोचीत ओंबी.

ती धापा टाकत परत आली. फिलिचाने बुचाचं बूड भिंतीजवळ धरून पाहिलं.

"ही वेगळी आहे. भिंतीवरची उजवीकडे बघते, तुझी डावीकडे. हौस म्हणून कुणीतरी कोरली असेल."

पुन्हा हशा. दोनाताने बूच हिसकावून घेतलं आणि घट्ट आवळून धरलं. डोळे भरून आले, ते पुसायला तिने मूठ उघडली. तळहातावर कोंबडी उमटली होती, आणि ती उजवीकडे बघत होती.

टोपलीतला आपला कच्चा पाव तिने फळीवर ठेवला, त्यावर ठसा दाबला आणि उचलला.

विताले काका खाली वाकले. एकदा पावाकडे बघितलं, एकदा भिंतीकडे.

"हीच," ते म्हणाले. "ब्रिजिदाबाईंचं घर."

"मग मागत का होती?" फिलिचा म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"लढाईच्या वर्षी सगळेच उपाशी होते," काका म्हणाले. "त्या वर्षी तुझी आजी काय खात होती, ते सांगू सगळ्यांना?"

या वेळी बायका फिलिचाकडे बघून हसल्या.

भट्टी तापल्यावर लांब दांड्याच्या फावड्यावरून पहिला पाव आत गेला तो दोनाताचा. बाहेर आला तेव्हा कोंबडी चांगली फुगली होती.

"जाडी झाली की," फिलिचा म्हणाली.

"खात्यापित्या घरची आहे," दोनाता म्हणाली. तिने गरम पाव मोडला आणि पहिला तुकडा फिलिचासमोर धरला. "हात पुढे कर."

फिलिचाने हात पुढे केला.