घरातलंच कोणीतरी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल पिकअप गाडी आहे. रंग कधीकाळी पांढरा होता. कारखान्यात खूप बहिणींबरोबर एका रांगेत जन्मले, पण तिथे कोणाला कोणाचं कौतुक नसतं. कौतुक झालं ते इथे आल्यावर. दोन भावांनी मला विकत आणलं. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला नुसतं धाकटा. वहिनींनी माझ्या काचेवरून ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "बाई गं, आमच्या घरात आलीस, आता झोप विसर."

घरचा धंदा हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचा. संध्याकाळी मळकी गाठोडी आणायची, सकाळी इस्त्रीच्या थप्प्या पोचवायच्या. डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत वॉर्डातले पलंग तयार हवेत. दादा धुलाई बघे, धाकटा मला चालवे. चढावर गिअर बदलताना तो माझ्याशी बोलायचा, "जरा दम धर, आलंच." इतक्या प्रेमाने माझ्याशी कोणी बोललं नाही, मित्रांनो.

मग एका सकाळी मी उठलेच नाही. चावी फिरवली की आतून नुसतं टिक-टिक. बॅटरी पार उतरलेली. शेजारच्या टेम्पोच्या बॅटरीला तारा जोडून मला सुरू केलं, पण चादरी उशिरा पोचल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी दादाला बोलावून शांतपणे सांगितलं, असंच चाललं तर काम दुसऱ्याला देऊ.

दादाने राग काढला धाकट्यावर. "रात्री आत बसून गाणी ऐकत असशील."

"नाही ऐकत."

"मग दिवा चालू राहत असेल."

"तूच येऊन बघ ना एकदा."

दादाने बघितलं नाही. नवी बॅटरी मात्र आणली. आठवडा संपायच्या आत तीही उतरली.

मला सगळं कळत होतं. माझ्या आत, इंजिनाच्या कुशीत, कोणीतरी रात्रभर घोट घोट घेत होतं. पण मला तोंड म्हणजे एक हॉर्न, आणि बॅटरी उतरली की तोही मुका.

शेवटी दादाने वायरिंगवाल्याला फोन लावला. वायरिंगवाला गाड्यांच्या विजेची कामं करायचा आणि सदा घाईत असायचा. त्याने दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "बॅटरीचा दोष नाही. घरातलंच कोणीतरी खातंय, रोज थोडं थोडं. उद्या येऊन पकडतो."

त्याच्या धंद्यात ही रोजची भाषा. बल्ब जातो, वायर मरते, करंट कोणीतरी खातं, आणि घर म्हणजे गाडी. पण दादाच्या कानांना ते वाक्य नेमकं हवं तसं ऐकू आलं.

"नवी बॅटरी विकलीस आणि जुनीवर तिचं स्टिकर लावलंस, हो ना?" तो धाकट्याला म्हणाला. "घरातलाच माणूस खातोय, हे बाहेरच्याला फोनवर कळतं. मीच आंधळा."

वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आल्या. "अहो, काय बोलताय? मुलासारखा वाढवलाय त्याला."

"म्हणून तर जास्त लागतंय."

धाकट्याने हातातली थप्पी माझ्या हौद्यात नीट लावली, चावी वहिनींच्या तळहातावर ठेवली आणि फाटकाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाला आला. दादा म्हणाला, "आता कशाला? चोर सापडला."

"सापडला? मी तर अजून मीटर लावला नाही."

त्याने बॅटरी आणि तिची तार यांच्यामध्ये मीटर जोडला. चावी काढलेली, दिवे बंद, तरी मीटरवर आकडा होता. मग तो एकेक फ्यूज उपटत गेला. रेडिओचा, दिव्यांचा, हॉर्नचा. आकडा हलेना. सगळे फ्यूज काढून झाले तेव्हा दादा म्हणाला, "बघा, गाडीत काही नाहीच."

वायरिंगवाल्याने इंजिनाजवळ खाली हात घातला. "इथे हात लावा."

तिथे माझा अल्टरनेटर होता, इंजिन फिरलं की बॅटरी भरणारा. मी रात्रभर उभी होते, बॉनेटवर दव होतं, सगळं अंग गारठलेलं. तो मात्र कोमट होता. वायरिंगवाल्याने त्याची तार सोडवली आणि आकडा धप्पकन खाली आला.

"हा घ्या तुमचा चोर. दिवसा बॅटरीला भरवतो आणि रात्री तोच पितो. आतला डायोड गेलाय, करंट उलटा येतोय."

"पण तुम्ही घरातलं म्हणालात."

"गाडीतलं हो. तुमच्या घरात मी कशाला नाक खुपसू?"

दादाचा हात बराच वेळ त्या कोमट लोखंडावर होता.

माझी दुरुस्ती झाली. हॉस्पिटलचं कामही टिकलं. मग दादा मला घेऊन पार्सलच्या गोदामावर गेला. धाकटा तिथे दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला होता.

"अल्टरनेटर निघाला," दादा म्हणाला.

"बरं झालं सापडला."

"घरी चल. तुझी वहिनी जेवायची थांबलीय."

"तिला सांग, जेवून घे."

"चुकलं रे माझं. पण तो वायरिंगवाला म्हणाला..."

"तो म्हणाला. मानलंस तू."

धाकट्याने दादासाठी माझं दार उघडून धरलं, एखाद्या गिऱ्हाइकासाठी धरावं तसं. दादाने चावी फिरवली आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. त्या क्षणी मला माझीच चीड आली. तिथे बंद पडले असते, तर दादाला खाली उतरून धक्का मारायला त्याला हाक मारावी लागली असती, आणि मला नाही म्हणणं धाकट्याला जमलं नसतं. पण मला ठणठणीत करून ठेवलं होतं ना.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. चाकांची हवा बघा, तेल बघा. आम्ही रोज उठेनाशा झालो, तर कोणावर बोट ठेवण्याआधी मीटर लावा. आमचे सुटे भाग बाजारात मिळतात.