वाकड्या नाकाची पाचर

मी पाचर बोलतेय. दचकू नका, लोक तुमच्या कामात मारतात ती मी नव्हे. मी विमानात असते.

मूळची मी शाळेतली फूटपट्टी. शिक्षण सतरा सेंटिमीटरपर्यंतच. तिथं ज्ञानेश नावाचा गुटगुटीत पोरगा माझ्यावर बसला आणि आमची शाळा सुटली. सुमनबाईंनी माझे तुकडे जपून ठेवले. हस्तकलेच्या बाई त्या, मोडकं टाकतील कशाला?

निवृत्तीनंतर बाई बंद हॉलात उडणारी विमानं करू लागल्या. काड्यांचा सांगाडा, पातळ कागदाचे पंख, पुढे पंखा आणि त्याला पीळ दिलेलं रबर. पीळ सुटला की असलं विमान नाक वर करून छताकडे धावतं. म्हणून पंख्याचं तोंड किंचित खाली, किंचित डावीकडे वळवायचं. त्यासाठी बाईंनी मला नखाएवढं तासून नाकामागं, वरच्या उजव्या कोपऱ्यात खोचलं.

फक्त मी जरा जाडच राहिले. विमान गुडघ्याइतकं उठायचं, पिंगा घालायचं आणि बसायचं. बाईंना वाटे, रबर जुनं झालं. मी कशाला बोलू?

पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत बॅडमिंटनचा हॉल आहे. सेक्रेटरी कोण, तर तोच ज्ञानेश, आता आणखी गुटगुटीत. रविवारी सकाळी फॅन बंद करत तो म्हणाला, "बाई, तुमचं आधीचं विमान ट्यूबलाइटवर अडकलं, शिडी आणावी लागली. आज अडकलं तर हॉल विसरा."

बाई रबर आणायला वळल्या. विमान होतं त्यांच्या यजमानांच्या, अर्जुनरावांच्या हातात. यांनी चाकणला कंपनीत तीस वर्षं माल तपासलेला. खिशातून गुण्या काढून नाकाला लावला. "वाकडंय. रिजेक्ट," असं पुटपुटून मला उपटलं. नेमका पोह्यातला शेंगदाणा दाढेत अडकलेला. मग काय, माझी रवानगी दाढेत.

विमान सुटलं ते थेट वर. ट्यूबला घासलं, अडखळलं आणि ज्ञानेशच्या ओंजळीत पडलं.

"बाई, आता एकदाच. शेवटचं."

बाईंनी नाक पाहिलं. "अहो, इथली पाचर कुठाय?"

"नाक वाकडं होतं. सरळ केलं."

"वाकडं नव्हतं, वळवलेलं होतं. तोंडात काय आहे?"

अर्जुनरावांनी मला हळूच बाहेर काढलं.

"काका घरीपण असंच तपासतात?" ज्ञानेशनं विचारलं.

"पोळ्यांनासुद्धा गुण्या लावतील," म्हणत बाईंनी मला पदराला पुसून जागेवर बसवलं.

यावेळी विमान डावीकडे गिरक्या घेत सावकाश चढलं, ट्यूबच्या वीतभर खाली फिरत राहिलं. दोन मिनिटं अकरा सेकंद. ज्ञानेश मान वर करून उभा. उतरल्यावर म्हणाला, "पुढच्या रविवारी किती वाजता, बाई?"

घरी अर्जुनरावांनी बारीक पेनानं नाकावर लिहिलं: 'वाकडे. ओके.'

बाई म्हणतात, माझा कोन बरोबरच होता. खरं मला ठाऊक. दाढेनं मला एका बाजूनं चावून अगदी पाहिजे तेवढं पातळ केलंय. पण मी सांगत नाही, त्या घरात सध्या शांतता आहे. तुम्हीही बोलू नका. फक्त बाईंना म्हणावं, रविवारच्या पोह्यात शेंगदाणे घालू नका. आणखी एक दाणा अडकला, तर मी उरायची नाही.