चांगलं रक्त

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात नणंदेचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षं तिने चादरी निवडल्या होत्या. डागाकडे नुसतं बघून ती सांगायची, हे बाळंतपणाचं, हे ऑपरेशनचं, आणि हा नुसता सांडलेला चहा. बाकीच्या बायका तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायच्या. चेष्टेतच म्हणायच्या, पण तिला ते गोड लागायचं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

तिची भावजय तिथेच इस्त्रीच्या यंत्रावर होती. धाकट्या भावाची बायको. तो गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत. भावजयीची पन्नाशी कधीच उलटलेली, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने नणंदेला रॅकमागे नेलं आणि घडी केलेलं फडकं दाखवलं.

"वन्सं, हे परत सुरू झालंय. दोनदा झालं. वर जाऊन दाखवू का?"

वर म्हणजे तिसरा मजला, बायकांचा विभाग. नणंदेने फडकं सवयीने उजेडात धरलं.

"कशाला? वाईट रक्त काळं असतं, वास मारतं. हे बघ कसं लाल, स्वच्छ. चांगलं रक्त आहे. दुखतंय का?"

"नाही."

"मग झालं तर. अंगातली उष्णता. जाता जाता येतं एखादीला."

भिंतींना कान असतातच. संध्याकाळपर्यंत इस्त्रीवाल्यांनी भावजयीला धारेवर धरलं. "तरुण झालीस की गं, आता स्थळ बघायला हवं तुझ्यासाठी." सगळ्या हसल्या, भावजयही हसली. नणंद सगळ्यांत मोठ्याने हसली.

खरं सांगायचं तर वर जायची लाज दोघींनाही वाटत होती. खालच्या बायका वर जायच्या त्या ट्रॉली ढकलत. रोजच्या ओळखीच्या नर्सांपुढे पलंगावर पाय पसरून झोपायला नव्हे. आणि वरच्यांनी काही वेगळंच सांगितलं, तर डॉक्टरीणबाईची काय किंमत राहिली? हा विचार नणंदेच्या मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तिने तो झटकला होता.

पुढे आठ महिने भावजय दर वेळी फडकं दाखवायची आणि नणंद दर वेळी ते पास करायची. शेवटी एका सकाळी भावजय यंत्रापाशी भोवळ येऊन पडली. तिला वर नेलं ते धुलाईच्याच ट्रॉलीवरून.

तपासणीचे कागद आले तेव्हा डॉक्टरने दोघींना समोर बसवलं. डॉक्टर वयाने लहान होती, आवाज न चढवता बोलायची.

"गर्भाशयाचा कॅन्सर आहे. फुफ्फुसापर्यंत गेलाय. औषधं देऊ, पण तो पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही." मग ती म्हणाली, "पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की त्यानंतर एक ठिपका दिसला तरी लगेच यायचं. दुखो न दुखो, लाल असो की काळं. बहुतेक जणींना काही मोठं निघत नाही, पण ते तपासल्यावरच कळतं. तुम्ही आठ महिन्यांपूर्वी आला असतात, तर ऑपरेशनवर निभावलं असतं बहुधा."

लाल असो की काळं. नणंदेने ते शब्द मनात पुन्हा म्हटले.

"तुम्ही तर इथेच काम करता," डॉक्टर म्हणाली. "कुणाला विचारलंसुद्धा नाही?"

भावजयीने नणंदेकडे पाहिलं. नणंदेने मान खाली घातली. तिला वाटत होतं, हिने आत्ता नाव घ्यावं, चारचौघांत तोंडाला काळं फासावं, म्हणजे निदान सुटल्यासारखं होईल.

"नाही," भावजय म्हणाली. "मीच गप्प बसले. लाज वाटली."

बाहेर बाकावर बसल्यावर नणंदेला राहवलं नाही. "खोटं का बोललीस? माझं नाव सांगायचंस ना."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही रडत बसला असतात, आणि मला तुमची समजूत काढावी लागली असती. तेवढा वेळ नाही आता माझ्याकडे." ती बाकाला धरून उठली. "आणि वन्सं, मी माफ केलंय असं समजू नका."

मग तिने हात पुढे केला, कारण जिना उतरायला धरावं असं दुसरं कोणी नव्हतं, आणि नणंदेने तो धरला.