फिरत्या खुर्चीचा कौल

आमच्या घरातला फ्रीज देवाने निवडला आहे. मुलुंडचा फ्लॅटही त्यानेच पसंत केला. त्याआधी भांडुपला एक बघितला होता, त्याला देवाचा चक्क नकार आला. बाबा कुठलीही गोष्ट ठरवायच्या आधी गावच्या देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळी हकिकत मोठ्याने ऐकवतो, आणि मग वाट बघायची. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. हाच कौल. पूर्वी त्यासाठी गावी जावं लागायचं. आता गुणाजी गुरवाने स्मार्टफोन घेतलाय, त्यामुळे बाबांना ऊत आलाय. मागे त्यांनी कुकरची शिटी बदलू का असं विचारलं, तेव्हा गुणाजीने सरळ फोन कापला होता.

तर परवाच्या रविवारी सकाळी प्रश्न होता तो गावच्या जत्रेला जाण्याचा. ठाण्याहून कणकवली, वंदे भारत. गाडीबद्दल वाद नव्हता, वाद होता डब्याबद्दल. साधा डबा की एक्झिक्युटिव्ह?

"दुप्पट पैसे!" बाबा म्हणाले. "मला एक सांग रुचिरा, ते महागडे लोक आपल्या आधी उतरतात काय कणकवलीला?"

"नाही बाबा, पण..."

"त्यांचा डबा पुढे पळतो काय?"

"बाबा, कंफर्ट नावाची गोष्ट असते ना!"

"कंफर्ट! मी बावीस वर्षांचा असताना शिमग्याला आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर बसून गेलोय, ट्रकमधून. पोचलो ना?"

पोचले, पण नंतर आठवडाभर त्यांना बसता येत नव्हतं, ही गोष्ट आजीने मला सांगून ठेवलेली आहे. माझे वडील, चंद्रप्रकाश, कांजूरच्या एका कारखान्यातून रिटायर झाले, पण पाठ टेकून बसलेला माणूस त्यांना अजून कामचुकार वाटतो.

मी मोबाइलवर त्या डब्याचा व्हिडिओ लावला. पायाशी दाबलं की अख्खी खुर्ची गर्रकन फिरते आणि मागची माणसं समोर येतात. आई पोळी लाटायची सोडून लाटण्यासकट बाहेर आली.

"अगोबाई! पूर्ण फिरते? मी तर पनवेलपर्यंत नुसती गोल गोल फिरत बसेन."

"रुक्मिणी, तुला चक्कर येते पाळण्यात," बाबा म्हणाले.

"ती चक्कर वेगळी, ही एसीतली."

आता खरं कारण सांगते. मला गादीचं काही पडलेलं नव्हतं. त्या डब्यात सुयोग असणार होता. सुयोग आमच्या शेजारच्या गावचा, राहतो बोरिवलीला, आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या भजनात पखवाज वाजवतो. मंडळाच्या सत्यनारायणाला त्याने मला काळ्या वाटाण्याची उसळ चार वेळा वाढली. चौथ्यांदा मी म्हटलं, "अरे, पोट फुटेल माझं," तर म्हणाला, "मग तुझ्यासमोर उभं राहायला दुसरं कारण सांग." त्या दिवसापासून माझी वाट लागली आहे. अंधेरीच्या ऑफिसात मी लिफ्टची वाट बघताना एकटीच हसते, लोक बाजूला सरकतात.

सुयोगच्या आईची, जानकीकाकूंची कंबर दुखते, म्हणून त्याने त्या डब्याची तिकिटं काढली होती. आमचा बेत साधा होता. आम्हीही त्याच डब्यात चढायचं, खुर्च्या फिरवायच्या, दोन्ही घरं समोरासमोर येतील, चहा येईल, नाश्ता येईल, आणि रत्नागिरीच्या आसपास बाबांचा मूड बघून विषय काढायचा. मऊ खुर्चीत टेकलेला माणूस ताडकन उठून जाऊ शकत नाही, हा सुयोगचा सिद्धांत. घरी बाबांनी नाही म्हटलं तर ते नाही कायमचं, हे मला माहीत होतं. म्हणून तो डबा हवा होता, आणि अॅपवर सात जागा उरल्या होत्या.

"लाव गुणाजीला," बाबा एकदम म्हणाले. चेहऱ्यावर विजय. "देवालाच विचारू. तो स्वतः वर्षानुवर्षं दगडावर बसलाय, तो काय गादीला हो म्हणतोय!"

गुणाजीने देवळात फोन खांबाला टेकवून ठेवला. पाषाण दिसत होता, त्यावर लाल पाकळ्या, आणि एका कडेला गुणाजीचा अर्धा कान.

"कारण काय सांगू देवाक?" त्याने विचारलं.

"चैन," बाबा म्हणाले.

"चैनीसाठी कौल लावूचो नाय. खरा काय ता सांगा."

"माझे गुडघे!" आई मध्येच ओरडली.

गुणाजीने हात जोडले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. हे आमच्या तोंडून आपोआप येतं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला व्हय म्हाराजा म्हणायचं, हे आमच्याकडे बाळ बोलायच्या आधी शिकतं.

"रुक्मिणीचे गुडघे दुखतत, म्हणान ह्या लेकरांक म्हागड्या डब्यात बसूचा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर उजवो कौल दी, नायतर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग काहीच नाही. पाकळ्या डिंकाने चिकटवल्यासारख्या जागच्या जागी. एक पाल पाषाणावरून गेली, तीसुद्धा पाकळ्यांना वळसा घालून. अॅपवर सहा जागा झाल्या.

"देव गप आसा," गुणाजी म्हणाला. "तुमच्यातल्या कोणाच्या तरी पोटात कायतरी आसा. ता भायर येयसर पाकळी पडाची नाय."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने लाटण्याकडे पाहिलं. "सांगते," ती म्हणाली. "माझ्या भाचीच्या, अक्षताच्या लग्नाहून मी एसटीच्या लाल गाडीने आले म्हटलं ना, ते खोटं. एसी स्लीपरने आले. गादी होती हो! उशी होती, पडदा होता. कणकवली सुटली आणि डोळे उघडले ते थेट मुलुंडच्या चेकनाक्याला. आयुष्यात तशी झोप नाही लागली मला, तुमच्या शेजारीसुद्धा नाही."

"रुक्मिणी!" बाबा म्हणाले.

"बा देवा म्हाराजा," गुणाजीने लगेच धरलं, "रुक्मिणी गादयेर निजान मुंबयक गेली, तिची चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा. मी हसून हसून सोफ्यावर आडवी झाले होते. पाकळी मात्र ढिम्म.

मग गुणाजीचा अर्धा कान गेला आणि एक डोळा आला. तो माझ्याकडे बघत होता. "चेडवा, तुजा काय?"

मी सोफ्यावर उठून बसले. खोटं बोलता आलं असतं. पण देवळातला पाषाण समोर असताना खोटं बोलायचं, हे आमच्या घरात जमत नाही, फोनवरसुद्धा नाही. आणि अॅपवर चार जागा दिसत होत्या.

"त्या डब्यात सुयोग आहे," मी डोळे मिटून एका दमात म्हटलं. "मंडळातला, पखवाजवाला. मला तो आवडतो आणि मला त्याच्याशीच लग्न करायचंय आणि बाबांनी हो म्हणायला हवं, बस्स, हेच कारण आहे."

स्वयंपाकघरात पोळी करपल्याचा वास सुटला.

"बा देवा म्हाराजा!" गुणाजीला तर स्फुरणच चढलं. "चंद्रप्रकाशाच्या चेडवाचो जीव सुयोग नावाच्या झिलावर बसलो हा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पण म्हणून झालं होतं.

"त्या दोघांचा जुळान येवं दे!"

"व्हय म्हाराजा!" आता आईने हातसुद्धा ठेवला नाही.

जन्मात पहिल्यांदा गाऱ्हाण्याला बाबांचा आवाज आला नव्हता. संपलं, मी मनात म्हटलं, आता साधा डबा आणि साधं आयुष्य.

"चंद्रप्रकाश, तू म्हटलंस नाय," गुणाजी म्हणाला.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"काय माहीत होतं?" आई आणि मी एकदम.

"तो मला भेटला. मंडळाच्या मीटिंगनंतर. सरळ समोर उभा राहून म्हणाला, काका, मला रुचिरा आवडते. आम्ही जत्रेला त्या डब्यातून जातोय, तुम्हीपण या, खुर्च्या फिरवून बोलू. मीच त्याला म्हटलं, तिला यातलं सांगू नको, मला जरा वेळ दे."

म्हणजे त्या नालायकाने माझ्याशी रोज तासतासभर बोलून हे एवढं मात्र पोटात ठेवलं होतं! मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो आणखी आवडला.

"मग तुम्ही नाही का म्हणताय? मुलगा वाईट आहे का?" आईने विचारलं.

"वाईट असता तर बरं झालं असतं! झकास मुलगा आहे, तोच तर वांधा आहे." बाबांनी चष्मा काढला. "पाच-सहा तास त्याच्या समोर बसायचं? माझ्या मुलीला नेणाऱ्याच्या? मी रडेन, रुचू. पनवेलच्या आतच रडेन, हातात चहाचा कप घेऊन, जानकीबाईंच्या समोर. साध्या डब्यात पुढच्याचं फक्त डोकं दिसतं. खिडकीकडे तोंड केलं की माणूस हवं तेवढं रडू शकतो, कोणाला कळत नाही. म्हणून मला साधाच डबा हवा होता. पैशाचं काय, मेलं!"

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकाच नाकातून. आईने लाटणं टेबलावर ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, मग रडा की. मुलीचा बाप रडला तर जानकीबाई काय खाली उतरवणार आहेत तुम्हाला?"

बाबांनी माझा फोन हातातून घेतला. "किती राहिल्या?"

"तीन."

त्यांनी चष्मा परत लावला आणि तिघांची नावं स्वतः, एकेक अक्षर शोधून, टाइप केली. मी मध्ये बोटसुद्धा घातलं नाही. पैसे भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग बटण दाबलं. तिकिटं झाली.

"पडली!" तिकडून गुणाजी किंचाळला. "पडली रे पडली! चंद्रप्रकाश, बघलंस? खयच्या अंगाची पडली सांगू?"

आम्ही कोणीच बघितलं नव्हतं. आई फोनकडे धावली, पण बाबांनी हात वर केला. शिटी बदलायलासुद्धा देवाला विचारणारा माझा बाप, त्याचे डोळे गळत होते आणि तो गालात हसत होता.

"नको सांगू, गुणाजी," ते म्हणाले. "देवाक सांग, फुडचा सगळा तुकाच इचारतलंय. पण ह्या माज्या चेडवान माका इचारलला."