लाव्हर्नची पांढरी ग्रेव्ही

मरणारं माणूस खोटं बोलत नाही, यावर मॅटलॉक गावच्या बाप्टिस्टांची अढळ श्रद्धा आहे. जिवंत बाई आपल्या पदार्थाची कृती खरी सांगत नाही, यावर त्याहून अढळ. पहिल्या श्रद्धेची प्रचिती क्वचित येते. दुसरीची दर रविवारी येते, चर्चमागच्या हॉलमध्ये, कागदी ताटांवर.

"स्टेकला पीठ लावलं की लगेच तापलेल्या चरबीत सोडायचं. झालं," ज्युएल म्हणाली. "माझ्या लग्नाच्या आठवड्यात लाव्हर्नने मला हेच सांगितलं होतं. शब्दन् शब्द पाठ आहे."

वेल्डन प्रिचर्ड मेहुणीच्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर टोपी ठेवून बसला होता. सारा जन्म त्याने कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर काढला. गाठ कशी दाबायची हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. स्वयंपाकातलं मात्र डबा फोडण्यापलीकडे काही येत नव्हतं.

"ओपल म्हणते, पीठ लावून जरा वेळ ठेवून द्यायचं," तो म्हणाला. "म्हणजे पीठ मांसाला धरतं."

ज्युएलचा हात ओट्यावर होता तिथेच थांबला. "ओपल हॅचेट?"

"हो."

"तिला कुणी सांगितलं?"

वेल्डनने टोपी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. "लाव्हर्ननेच."

ज्युएलच्या हातचा स्टेक ताटात आला की अंगातला कोट काढून ठेवतो, असं गावात तिच्या पाठीमागे म्हणत. सुरी लागली की कवच एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. तिच्या नवऱ्याने पंचवीस वर्षं ते दोन वेगवेगळे पदार्थ समजून खाल्ले आणि तो वारला.

"सख्खी बहीण मी तिची!" ज्युएल म्हणाली. "आणि सांगितलं कुणाला, तर त्या ओपलला! जिला चर्चमध्ये नीट 'आमेन' म्हणता येत नाही तिला!"

"ओपललाही सगळं सांगितलं नाही."

"म्हणजे?"

"ग्रेव्हीच्या आधी ओपल तवा पुसून घेते."

ज्युएल खुर्ची ओढून बसली. "खरवड पुसून टाकते?"

"कागदाने. लख्ख. लाव्हर्ननेच तसं सांगितलं म्हणते. जळकट वास येतो म्हणून."

आधी ज्युएलच्या चेहऱ्यावर भीती दिसली, एखाद्याने गाईचं दूध मोरीत ओतल्याचं ऐकावं तशी. मग हळूहळू तिचे गाल हलायला लागले. तळून झाल्यावर बिडाच्या तव्याला जे चिकटून राहतं तीच तर ग्रेव्ही. बाकी नुसतं दूध आणि पीठ. हे मॅटलॉकच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. ओपलला लाव्हर्नच्या शब्दापुढे कुत्र्यांची साक्ष पटली नसावी.

"अगं आई गं," ज्युएल डोळे पुसत म्हणाली, "म्हणून तिची ग्रेव्ही पोस्टरं चिकटवायच्या खळीसारखी! आणि आमची लाव्हर्न दर वेळी तिला काय म्हणायची, आठवतं ना? 'वा ओपल, फारच छान, कृती द्यायची हं मला!'"

"आणि गाडीत बसलं की—"

"गाडीत बसलं की काय म्हणायची ते मला नको सांगूस. मी मागच्या सीटवर असायचे."

दोघंही हसली. हसू संपल्यावर ज्युएल म्हणाली, "वेल्डन, आम्हा दोघींनाही न सांगितलेलं तिसरं काही असेल का रे? तू तिलाच—"

तिने वाक्य तिथेच सोडलं आणि ओट्यावरचं पीठ हाताने गोळा करायला लागली.

लाव्हर्न हिवाळ्यापासून काउंटीच्या वृद्धाश्रमात होती. आधी तिने दिवस विसरायला सुरुवात केली, मग नावं, मग माणसं. वेल्डन रोज जायचा, ती रोज त्याला बसायला सांगायची. पण कोण म्हणून सांगायची, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. अलीकडे तिने ताट ढकलायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले होते की मुलाला डॅलसहून बोलावून घ्या, एकदा सगळेच बसून बोलू. चांगली बातमी सांगायला डॉक्टर घरच्या सगळ्यांना बसवत नाहीत, एवढं प्रेसवरच्या माणसालाही कळतं.

वेल्डनचं म्हणणं वेगळं होतं. ती अन्न ढकलत नाही, *त्यांचं* अन्न ढकलते. भल्याभल्या हॉटेलांत तिने हेच केलं होतं, आणि तेव्हा तिचं डोकं शाबूत होतं.

शनिवारी सकाळी तो कामाला लागला. चिकन-फ्राइड स्टेकच्या नावात कोंबडी असली तरी ताटात बैल असतो, आणि तोही म्हातारा, चिवट. त्याला आधी बडवावं लागतं. खाटीक यंत्रातून काढून देत होता, वेल्डन नको म्हणाला. लाव्हर्न जाड बशीच्या कडेने बडवायची. उभी, आडवी, पुन्हा उभी. आवाज अंगणात ऐकू यायचा, आणि तिचा राग कुणावर आहे हे त्या आवाजावरून त्याला कळायचं. त्याने बडवलं ते कुणावरही राग नसताना. बहुधा म्हणूनच वेळ लागला.

मीठ, मिरपूड, पीठ. मग अंडं फेटलेलं ताक. पुन्हा पीठ. ओपलच्या सांगण्याप्रमाणे ठेवून दिलं. तेवढ्या वेळात काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो उभ्या उभ्या त्याकडे बघत राहिला. मग तव्यात सोडलं. कवच धरलं. इतकं सोनेरी झालं की त्याने नकळत मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून.

ग्रेव्हीने मात्र दावा साधला. चरबीत पीठ भाजलं, ज्युएलने सांगितल्याप्रमाणे खरवड सोडवली, आणि दूध सगळं एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या, बोराएवढ्या. त्या त्याने चमच्याने चिरडल्या, तर एकीच्या दोन झाल्या. परत करावी, तर खरवड एकदाच मिळते. शेवटी होती ती तशीच डब्यात ओतली.

पण खरं सांगायचं तर त्याला त्या गुठळ्यांचं वाईट वाटलं नव्हतं. लाव्हर्नकडे दोन भाषा होत्या. बाहेरच्या माणसाने काहीही रांधलं तरी ते छानच असायचं. घरच्या माणसाला मात्र खरं ऐकावं लागायचं. वेल्डनने लग्नानंतर पहिल्यांदा केलेली कॉफी तिने चाखली आणि खिडकीतून गुलाबाच्या झाडावर ओतली. झाड मेलं तेव्हा तेही त्याला ऐकवलं. त्याच्या रंगवलेल्या कुंपणाला, निवडलेल्या टायला, म्हटलेल्या प्रार्थनेला तिने जन्मात कधी छान म्हटलं नाही. या गुठळ्यांवर तर ती आठवडाभर बोलली असती. दोन घास खाऊन तिने "हे काय सिमेंट कालवलंयस?" एवढं म्हटलं तरी त्याला पुरणार होतं. गाडी चालवताना तो ते वाक्य तिच्या आवाजात म्हणून बघत होता.

ती खिडकीशी बसली होती. कुणीतरी तिचे केस चुकीच्या बाजूला विंचरले होते.

"काय म्हणतेस, लाव्हर्न?"

"या, बसा," ती म्हणाली.

त्याने ताट मांडलं, वरचा चंदेरी कागद काढला, ग्रेव्ही ओतली. ती डब्यातून आधी आली नाही आणि मग सगळी एकदम आली. डार्ला नावाची सेविका दाराशी थांबली. "अय्या, मिस लाव्हर्न, घरचं जेवण! मजा आहे बाई तुमची."

लाव्हर्नने सुरी हातात घेतली. हाताला सगळं आठवत होतं. तिने मांस त्याच्या धाग्यांना आडवं कापलं, घास ग्रेव्हीत बुडवला, तोंडात घातला. चावला. गिळला. डार्लाने वेल्डनकडे बघून भुवया उंचावल्या. मग दुसरा घास. त्यात गुठळी आली असावी, कारण ती चावायची थांबली.

वेल्डन खुर्चीच्या कडेवर आला.

लाव्हर्नने तो घासही गिळला. काटा-सुरी ताटात नीट शेजारी शेजारी ठेवली, ओठ टिपले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"फारच छान झालंय," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः केलंत?"

"हो."

"वा! मला कृती द्यायची हं."

आणि ती हसली. ते हसू वेल्डनच्या ओळखीचं होतं. चर्चच्या हॉलमध्ये त्याने ते सगळा जन्म बाजूने पाहिलं होतं. समोरून पहिल्यांदाच पाहत होता.

"ग्रेव्हीत गुठळ्या झाल्यात," तो म्हणाला.

"छे, छे! मला तर एकही लागली नाही."

"लाव्हर्न, बोराएवढ्या आहेत."

"तुम्ही उगाच संकोच करता," ती म्हणाली, आणि तिने ताट अलगद, कुणाला लागू नये इतकं अलगद, टेबलाच्या पलीकडे सरकवलं.

तिने मागितलीच होती, म्हणून वेल्डनने कृती सांगायला घेतली. बशीच्या कडेपासून सुरुवात केली. ताक सांगितलं, ठेवून द्यायचं सांगितलं, तवा पुसायचा नाही हे सांगितलं. ती योग्य त्या ठिकाणी मान हलवत होती. दूध थोडं थोडं घालायचं, असं तो म्हणाला तेव्हा तिचे डोळे चमकले. तो बोलता बोलता थांबला.

ती त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होती. डार्ला ट्रेमध्ये जेलीची वाटी घेऊन परत आली होती.

"हिरवी असली की खातात," डार्ला म्हणाली. "लाल दिली तर बघतही नाहीत. मिस्टर वेल्डन, तुम्हाला माहीत नव्हतं?"

वेल्डनने उठून जागा दिली. लाव्हर्नने चमचा घेतला आणि वाटीतली सगळी जेली खाल्ली, तळापर्यंत.

ती पाकिटातली होती, लिंबाच्या चवीची.