पिस्तुलाची हात न लावता तपासणी

देवदत्तचे वडील जगन्नाथराव सहा महिन्यांसाठी अमेरिकेत कॅरीला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी घर रिजेक्ट केलं. घर म्हणजे देवदत्तचं नवंकोरं, चार बेडरूमचं घर, ज्याचे फोटो त्याने नागपूरला तीनदा पाठवले होते. जिन्याच्या चौदा पायऱ्यांपैकी अकरावी पायरी बाकीच्यांपेक्षा पाव इंच उंच निघाली. देवदत्त दीड वर्ष तो जिना बिनधास्त चढत-उतरत होता. बाबांनी मोजल्या दिवसापासून त्याला अकराव्या पायरीवर हमखास ठेच लागायला लागली.

जगन्नाथरावांनी चौतीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासनीस म्हणून काढली होती. समोर आलेली वस्तू मापायची, पास किंवा रिजेक्ट लिहायचं आणि सही ठोकायची. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हात काही स्वस्थ बसत नव्हता. त्यांनी गाडी रिजेक्ट केली, मागचा लाकडी डेक रिजेक्ट केला, शेजारच्यांचं कुत्रं चालताना किंचित तिरकं चालतं म्हणून तेही केलं. सुनेच्या, म्हणजे उत्तराच्या, पोळ्यांच्या व्यासात त्यांना चार मिलिमीटरचा फरक सापडला. उत्तरा हसली आणि तीच पोळी तूप लावून त्यांच्या ताटात वाढली. ती सून होती, तिला पास व्हायचं नव्हतं.

देवदत्तला व्हायचं होतं. एक्केचाळीस वर्षांचा हा बाप्या एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा लीड होता, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पगार मिळवत होता, नुकताच अमेरिकेचा नागरिकही झाला होता. पण बाबांच्या तोंडून 'चांगलं आहे' एवढे दोन शब्द ऐकायचे राहून गेले होते आणि ते राहून गेल्याचं त्याला या वयातही मनापासून वाईट वाटायचं. लग्नाचा अल्बम बघून बाबा म्हणाले होते की नवरदेवाचा फेटा डावीकडे कलला आहे. तेवढंच म्हणाले होते.

म्हणून पिस्तूल. घर, गाडी, कुत्रं हे काही बाबांचे विषय नव्हते, असा देवदत्तने हिशेब मांडला. त्यांच्याच विषयातली वस्तू त्यांच्याच कसोट्या लावून आणली तर ती नापास करणार कशी? त्याने चार महिने अभ्यास केला. शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करी घाटाचं, पंचेचाळीस बोअरचं, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. हॅलरन अँड डेल नावाच्या छोट्या कंपनीने जुन्या पद्धतीने निळसर काळी झिलई देऊन काढलेली पाचशे नगांची मालिका, त्यातला नग दोनशे बारा. रेंजवर नेम धरायलाही चांगलं आणि कपाटात ठेवून मिरवायलाही चांगलं, असं सगळे जाणकार लिहीत होते. शेरीफच्या परवान्यासाठी सद्वर्तनाची साक्ष लागत होती, ती तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी नीलांबरीताईंनी दिली. देवदत्त प्रत्येक गणपतीत खुर्च्या मोजून परत करतो, असं त्यांनी त्यात आवर्जून लिहिलं. दोन दिवसांत सगळ्या मंडळाला खबर लागली आणि पॉटलकच्या जेवणात लोक देवदत्तला आधी वाढू लागले.

वेंडेल नावाचा म्हातारा दुकानदार त्या धंद्याची रीत पाळणारा होता. तीन दिवस तपासा, पटलं नाही तर परत आणा. अटी दोनच, गोळी झाडायची नाही आणि वस्तू दिली तशी परत यायला हवी. शुक्रवारी संध्याकाळी बापलेक दुकानात गेले. वेंडेलने पेटी उघडली, जगन्नाथरावांनी खिशातून भिंग काढलं आणि हात पुढे केला. वेंडेलने पेटी मागे घेतली. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इथे बंदूक हाताळता येत नाही, सर, असं तो फार अदबीने म्हणाला.

ज्याने सरकारसाठी लाखभर नग हातात खेळवले त्या माणसाला हात लावायची बंदी. देवदत्तला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात. पण जगन्नाथराव खुलले. अमेरिकेत त्यांना भेटलेला हा पहिला कडक नियम होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकमेकांत घट्ट अडकवले, आणि तपासणी हात न लावता होईल असं जाहीर केलं. मग तीन दिवस त्या घरात जे चाललं ते सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पिस्तूल डायनिंग टेबलवर, पांढऱ्या चादरीवर. गोळ्या घरात येणार नाहीत ही उत्तराची अट होती, तरी आत काही नाही ना हे देवदत्तला दर वेळी तीनदा दाखवावं लागे. बाबा पाठीमागे हात बांधून टेबलाभोवती फिरत आणि देवदत्त त्यांचे हात होई. वर धर. उजेडाकडे फिरव. कानाशी हलव, माझ्या, तुझ्या नाही. जन्मात स्क्रू ड्रायव्हर धड न धरलेला देवदत्त पिस्तूल उघडायचा, जोडायचा, त्यातली स्प्रिंग सोफ्याखाली उडवायचा आणि पालथा पडून शोधायचा. बाबा शेरे सांगायचे, ते उत्तरा लिहायची, कारण लिहिताना हात सोडावे लागले असते आणि बाबा ते सोडायला तयार नव्हते. शनिवारी जेवायलाही ते टेबलाशी आले नाहीत. पिस्तूल आत कपाटात बंद होतं, तरी त्याच टेबलावर हात मोकळे सोडणं त्यांना नियमात बसेना. उत्तराने त्यांना सोफ्यावर ताट दिलं.

नेमबाजीची कसोटी उरली होती. हे पिस्तूल झाडायचं नव्हतं, म्हणून वेंडेलच्या रेंजवर त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं दुसरं पिस्तूल भाड्याने घेतलं. मुलीला बघायला जाऊन तिच्या बहिणीला गायला सांगावं तसा हा प्रकार होता, पण बाबांना पद्धत मान्य झाली. ते काचेमागे कानांवर मफ लावून उभे राहिले. देवदत्तने सात गोळ्या झाडल्या. त्याच्या कागदावर एक भोक पडलं. बाकीची सहा शेजारच्या लेनमधल्या दंतवैद्य बाईंच्या कागदावर, बऱ्यापैकी मधोमध. त्या बाईंनी कागद घरी न्यायला मागितला. बाबांनी उत्तराकडून शेरा लिहवून घेतला: नग समाधानकारक असावा, नेमबाज डावीकडे ओढतो.

रविवारी खंडेनवमी आली. अकरा वर्षं देवदत्तकडे शस्त्रपूजेला लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि भाजीची सुरी मांडली जात होती. आता घरात खरंखुरं शस्त्र होतं. फॅक्टरीत खंडेनवमीला प्रत्येक लेथला, मापाच्या प्रत्येक गेजला झेंडूचा हार पडायचा, त्या दिवशी काम नसायचं आणि साहेबही कामगारांच्या पंगतीला बसायचा. जगन्नाथराव हे सांगताना इतके हरखले होते की देवदत्तला नाही म्हणवेना. पूजा त्यांनीच केली, अर्थात हात न लावता. दोन फूट वरून त्यांनी हळद सोडली, कुंकू सोडलं, अक्षता टाकल्या आणि फुलाने पाणी शिंपडलं. नेम मात्र अचूक होता, एक थेंबही चादरीवर पडला नाही. पूजा दसऱ्याला सकाळी उतरवायची म्हणून पिस्तूल पेटीत तसंच बंद करून ठेवलं.

सोमवारी सकाळी देवदत्तने पेटी उघडली तेव्हा त्या निळसर काळ्या झिलईवर नऊ तांबूस ठिपके उठले होते. त्याने पुसलं, तेल लावलं, फुंकर घातली. ठिपके गंजाचे होते, ते हलले नाहीत. हॅमरच्या खाचेत एक तांदूळ रुतला होता, तो टाचणीनेही निघेना. त्याने वेंडेलला फोन करून सगळा प्रकार सांगितला. वेंडेल म्हणाला की त्याच्या वडिलांनीही हरणांच्या शिकारीच्या मोसमाआधी रायफलीवर हात ठेवून प्रार्थना केली होती, पण पाणी नव्हतं शिंपडलं. पिस्तूल आता देवदत्तचं झालं होतं.

तो टेबलाशी येऊन बसला. बाबा खुर्चीमागे उभे होते, हात पाठीशीच. उत्तराने पुरा झालेला अहवाल त्याच्यापुढे ठेवला. चौदा दोष. दोन्ही बाजूंच्या लाकडी मुठींवरचे स्क्रू, एकाची खाच उभी, दुसऱ्याची आडवी. कंपनीच्या नावातलं एक अक्षर किंचित खाली. पुस्तिकेत पान सतरा दोनदा. आणि शेवटी, ताज्या शाईत, दोष पंधरावा: झिलईवर गंजाचे नऊ ठिपके. रिजेक्ट.

देवदत्तचं डोकं फिरलं. ते ठिपके तुम्हीच पाडलेत, तो म्हणाला, आणि मग थांबला नाही. चार महिने कशासाठी घासली, शेरीफपुढे का उभा राहिलो, मला बंदुकीशी काय करायचंय, रोज तो अकरावा जिना—पायरी—चढताना मला काय होतं, सगळं निघालं. उत्तरा उठून स्वयंपाकघरात गेली, पण दारापर्यंतच.

"एकदा म्हणायचं होतंत, बाबा," तो म्हणाला. "खोटं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

जगन्नाथरावांनी हात सोडले. जेवण आणि पूजा सोडली तर तीन दिवस बांधलेले ते हात त्यांना कुठे ठेवावेत कळेना, शेवटी त्यांनी ते खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

"फॅक्टरीत पास झालेला माल त्याच संध्याकाळी फाटकाबाहेर जायचा," ते म्हणाले. "कुठे गेला, कसा आहे, आम्हाला कधीच कळायचं नाही. रिजेक्ट झालेला शेडमध्ये राहायचा. येता-जाता दिसायचा."

देवदत्त अहवालाची पानं सारखी करत राहिला.

"तुला एकदा म्हटलंय मी," बाबा म्हणाले. "विमानतळावर. तुझी बॅग बघितली, कागद बघितले आणि म्हटलं, सगळं चांगलं आहे, जा. तुझ्या लक्षात नसेल. तू घाईत होतास."

त्याच्या लक्षात नव्हतं. त्याला एवढंच आठवत होतं की बॅग तेवीस किलोच्या आत आहे की नाही याची त्याला काळजी होती. त्याला भयंकर अपराधी वाटलं आणि ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून त्याने पिस्तूल उचलून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. बाबांचं परतीचं विमान शनिवारी होतं. मुदत वाढवता येते, तो म्हणाला, फॉर्म असतो, ऑफिसातल्या रवींद्रने त्याच्या आईसाठी भरला होता, अजून सहा महिने मिळतात. डेकचं काम राहिलंय. गराज तर तुम्ही अजून बघितलंसुद्धा नाही.

"तिकीट तपासलंय मी," जगन्नाथराव म्हणाले. "निर्दोष आहे."

ते आत जाऊन तिकिटाचा कागद घेऊन आले आणि त्यांनी तो मुलाच्या हातात दिला. देवदत्तने नाव बघितलं, तारीख बघितली, पासपोर्टचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. मग चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. काहीतरी चुकलेलं असणारच होतं.